स्क्रिप्टमधील दोष शोधणे हाही परीक्षेचा भाग हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यातील तंत्रनिकेतने आणि संगणकशास्त्राची पदवी महाविद्यालये यांच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या आहेत. संगणक पदविकेच्या आणि बीसीए, बीसीएसच्या विद्यार्थ्यांना आपण वेबपानांवरचे हिशेब आणि हालचाली चालवणारी जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा शिकवतो, तिचे प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरवून घेतो, परीक्षेत त्यांपैकी एखादा लिहून चालवून दाखवायला सांगतो. मात्र लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे असा प्रोग्रॅम, चालेनाशी झाली की तिच्यातला दोष पद्धतशीरपणे कसा हुडकायचा, याला आपल्या शिकवण्यात फारच थोडी जागा मिळते. त्यासाठी लागणारे डेव्हलपर टूल्स हे साधन प्रयोगशाळेतल्या प्रत्येक संगणकावरच्या ब्राउझरमध्ये विनामूल्य बसवलेले असते. हा विषय मी अनेक वर्षे शिकवत आहे आणि याच एका मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जावास्क्रिप्टचा बहुतांश वापर ज्याला क्लायंट साइड म्हणतात त्या बाजूला, म्हणजे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावर, त्याच्या ब्राउझरमध्ये होतो. त्यामुळे तिच्यातला दोषही तिथेच प्रकट होतो आणि तिथेच शोधावा लागतो. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ ही कळ दाबली, अथवा कंट्रोल, शिफ्ट आणि आय या कळा एकत्र दाबल्या, की डेव्हलपर टूल्सची चौकट उघडते. सफारीत मात्र त्यासाठीचा मेनू आधी सेटिंग्जमधून सुरू करून घ्यावा लागतो. या चौकटीतल्या एलिमेंट्स विभागात पानाची प्रत्यक्ष रचना दिसते, कन्सोलमध्ये एरर दिसतात आणि एखादी ओळ तिथल्या तिथे चालवून पाहता येते, नेटवर्कमध्ये पानाने सर्व्हरकडे, म्हणजे पान पुरवणाऱ्या संगणकाकडे, काय मागितले आणि काय मिळाले याची नोंद असते, आणि सोर्सेस विभागात, ज्याला फायरफॉक्समध्ये सरळ डीबगर, म्हणजे दोष शोधणारे साधन, असेच नाव आहे, चालू स्क्रिप्ट हव्या त्या ओळीवर थांबवता येते. यातल्या कशासाठीही इंटरनेट लागत नाही, वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही आणि भारी संगणकाचीही गरज पडत नाही. ग्रामीण भागातल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची आहे.

सुरुवातीपासून अशी सोय नव्हती. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट तयार केली, त्यानंतरची कित्येक वर्षे बहुतेक प्रोग्रॅमर मंडळींची भिस्त अलर्टवर, म्हणजे स्क्रिप्टने पानावर उघडलेल्या छोट्या संदेश-खिडकीवरच होती. मायक्रोसॉफ्टचा स्क्रिप्ट डीबगर आणि मोझिलाचा व्हेंकमन ही साधने होती, पण ती वेगळी जोडून घ्यावी लागत आणि रोजच्या कामात फारशी रुळली नाहीत. जो ह्युइट यांनी २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी फायरबग हे जोडसाधन आणले आणि चित्र पालटले. पानाची रचना, कन्सोल, नेटवर्कची नोंद आणि स्क्रिप्ट थांबवण्याची सोय हे सगळे त्यांनी एकाच चौकटीत, त्याच पानाच्या खाली आणून ठेवले. पुढे २००८ मध्ये आलेल्या क्रोममध्ये आणि २००९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ८ मध्ये अशी साधने ब्राउझरसोबतच येऊ लागली. फायरफॉक्सची स्वतःची साधने भक्कम झाल्यावर २०१७ मध्ये फायरबगचे काम थांबवण्यात आले, कारण त्याची वेगळी गरजच उरली नव्हती. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांत मात्र आजही स्क्रिप्ट अडली की विद्यार्थी दोन ओळींच्या मध्ये अलर्ट टाकतात, ती खिडकी येते की नाही ते पाहतात आणि दोष कुठे असावा याचा तर्क बांधतात. पद्धत २००६ च्या आधीची आहे आणि ती विद्यार्थ्यांनी आपल्याकडूनच उचलली आहे.

अलर्ट वापरणे चूक आहे, असे माझे म्हणणे नाही; त्यातून जे कळते ते फारच तोकडे असते, ही अडचण आहे. अलर्ट प्रत्येक मूल्याचे आधी मजकुरात रूपांतर करते, त्यामुळे साडेचारशे हा अंक आणि साडेचारशे हा मजकूर खिडकीत अगदी सारखेच दिसतात. जावास्क्रिप्टमध्ये मात्र या दोहोंत मोठा फरक आहे: ४५० आणि ६० हे अंक असतील तर बेरीज ५१० येते, आणि मजकूर असतील तर एकापुढे एक जोडले जाऊन ४५०६० होते. डीबगरच्या स्कोप या भागात, जिथे थांबलेल्या ओळीपाशी असलेली मूल्ये दिसतात, मजकूर अवतरणचिन्हांत दिसतो आणि अंक अवतरणाशिवाय दिसतो. एवढ्या एका खुणेवरून जी चूक पहिल्याच नजरेत कळते, तिच्यासाठी तासभर खपणारी हुशार मुले मी पाहिली आहेत.

आपल्या भाषेशी थेट निगडित असलेले एक उदाहरण येथे तपशिलाने देतो, कारण ते कोणत्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडण्याची शक्यता कमी आहे. विद्यार्थी प्रकल्पासाठी बहुधा गावातलाच विषय निवडतात. एका विद्यार्थिनीने दूध संकलन केंद्राच्या हिशेबाचे पान मराठीत केले होते. लिटर आणि दर भरले की एकूण रक्कम यायची, त्यातून पशुखाद्याची उचल वजा व्हायची आणि निव्वळ देणे दिसायचे. पन्नास लिटर दूध, साडेसदतीस रुपये दर, एकूण रक्कम १,८७५ अशी अगदी बरोबर आणि देखण्या मराठी अंकांत आली. निव्वळ देण्याच्या चौकटीत मात्र रुपयांच्या जागी नॅन, म्हणजे ‘हा अंक नव्हे’ असे सांगणारे मूल्य उमटत होते. तिचा संशय वजाबाकीच्या सूत्रावर होता आणि ती तेच सूत्र पुन्हा पुन्हा लिहीत होती.

सोर्सेस विभागात वजाबाकीच्या ओळीच्या क्रमांकावर क्लिक करून तिथे ब्रेकपॉइंट, म्हणजे स्क्रिप्टला थांबवणारी खूण, लावला आणि बटण दाबले. स्क्रिप्ट नेमकी त्या ओळीवर, ती ओळ चालण्याआधी, थांबली. शेजारच्या स्कोपमध्ये एकूण रक्कम अवतरणचिन्हांत ‘१,८७५’ अशी दिसत होती. दोष सूत्राच्या कितीतरी आधी होता. रक्कम मराठी अंकांत दाखवण्यासाठी तिने टू-लोकेल-स्ट्रिंग ही सोय मराठीसाठी वापरली होती, आणि ती सोय अंकाचा मजकूर करून देते. पुढे वजाबाकीसाठी तिने मूळ अंक न घेता चौकटीत दिसणारा तोच मजकूर उचलला होता. जावास्क्रिप्टमधील नंबर आणि पार्सइंट ही मजकुराचा अंक करून देणारी दोन्ही फंक्शने फक्त इंग्रजी अंक ओळखतात. देवनागरी अंक त्यांच्या लेखी अक्षरेच असतात. मोबाइलच्या मराठी कळफलकावरून कोणी साध्या मजकुराच्या चौकटीत लिटरच देवनागरीत भरले, तरी हीच गत होते. उपाय दोन आहेत, आणि दोन्ही सोपे आहेत: हिशेबासाठी मूळ अंक वेगळा जपून ठेवायचा, आणि बाहेरून आलेल्या देवनागरी अंकाचे आधी रूपांतर करून घ्यायचे. देवनागरी शून्याचा युनिकोडमधला, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या जागतिक यादीतला, क्रमांक २४०६ असून पुढचे नऊ अंक त्यामागोमाग ओळीने येतात, त्यामुळे हे रूपांतर दोन-तीन ओळींत होते. त्या विद्यार्थिनीने ते स्वतः लिहिले आणि पुढच्या तासाला वर्गातल्या इतरांना समजावूनही सांगितले.

तारखांचा घोळही असाच आपल्या प्रदेशाचा खास आहे. फॉर्ममध्ये १० मार्च ही तारीख निवडलेली असते आणि नोंद ९ मार्चची होते. विद्यार्थी महिन्यांच्या क्रमांकावर संशय घेतात, कारण जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते हे त्यांनी पाठ केलेले असते. डीबगरमध्ये एकेक ओळ पुढे सरकत गेले की खरी गोष्ट दिसते. वर्ष, महिना आणि दिवस देऊन तयार केलेली तारीख भारतीय वेळेनुसार १० मार्चच्या मध्यरात्रीची असते. पुढच्या ओळीत टू-आयएसओ-स्ट्रिंगने तिचे जागतिक प्रमाणवेळेत रूपांतर होते. आपण साडेपाच तास पुढे असल्याने ती ९ मार्चची संध्याकाळची साडेसहा वाजताची वेळ होते आणि त्या मजकुराची पहिली दहा अक्षरे कापून घेतली की आदला दिवस हाती येतो. अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरला याच ओळी त्याच्या यंत्रावर बरोबर चालताना दिसतील. त्याची तारीख दुसऱ्या वाटेने, म्हणजे नुसता वर्ष-महिना-दिवस असा मजकूर वाचून घेताना, एक दिवस मागे जाते, कारण तसा मजकूर जावास्क्रिप्ट जागतिक प्रमाणवेळेतला मानते. क्रोमच्या सेन्सर्स या भागात दुसरे ठिकाण निवडून पानाला तिथली वेळ देता येते, त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच संगणकावर करून पाहता येतात. जन्मतारीख एका दिवसाने चुकली तर प्रवेशापासून निवृत्तीपर्यंत माणसाला किती हेलपाटे घालावे लागतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

ब्रेकपॉइंटचे हे सामर्थ्य एकदा अनुभवले की विद्यार्थी पुढच्या सोयींकडे आपणहून वळतात. एफ१० ने फंक्शनच्या आत न शिरता पुढची ओळ गाठायची, एफ११ ने आत शिरायचे, शिफ्ट आणि एफ११ ने बाहेर पडायचे, एफ८ ने स्क्रिप्ट पुढे सोडून द्यायची, या चार गोष्टी हाताला बसायला एक प्रात्यक्षिक पुरते. शंभर नोंदींवर तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या लूपमध्ये एकाच नोंदीशी घोटाळा होत असेल, तर ब्रेकपॉइंटला अट घालता येते आणि स्क्रिप्ट फक्त त्या नोंदीपाशी थांबते. पानावरचा एखादा भाग कोण बदलते आहे हे कळत नसेल, तर एलिमेंट्समध्ये त्या भागावरच बदलाचा ब्रेकपॉइंट लावता येतो. कॉल स्टॅक पाहिला की हे फंक्शन कोणी बोलावले, त्याला कोणी बोलावले, ही सगळी साखळी समोर येते. फळ्यावर बाण काढून मी ती इतकी स्पष्ट कधीच दाखवू शकलो नाही.

त्याआधीची पायरी म्हणजे कन्सोलमधली लाल ओळ वाचणे, आणि तीसुद्धा शिकवावी लागते. ‘सर, चालत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने अनेकदा कन्सोल उघडलेलाच नसतो. स्क्रिप्ट पानाच्या शीर्षभागात लिहिली आणि ती खालच्या चौकटी तयार होण्याआधीच चालली, तर ज्या चौकटीचे मूल्य ती वाचू पाहते ती चौकट तिला सापडत नाही. कन्सोल हे सांगतो, आणि त्या ओळीच्या उजवीकडे फाइलचे नाव व ओळीचा क्रमांकही देतो. त्यावर क्लिक केले की सोर्सेसमध्ये नेमकी तीच ओळ उघडते. दुसरा नेहमीचा प्रसंग फॉर्मचा. फॉर्मच्या आत ठेवलेल्या बटणाचा प्रकार नमूद केला नाही, तर ते बटण फॉर्म सर्व्हरकडे पाठवणारे मानले जाते, पान पुन्हा उघडते आणि कन्सोलमध्ये आलेली एरर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुसली जाते. विद्यार्थी शपथेवर सांगतो की एरर येतच नाही. क्रोममध्ये प्रिझर्व्ह लॉग या चौकटीवर खूण केली की पान पुन्हा उघडले तरी नोंदी राहतात. नेटवर्क विभागातल्या डिसेबल कॅशे या खुणेचेही तसेच: ब्राउझर कधी कधी साठवून ठेवलेली जुनी फाइलच चालवत असतो आणि विद्यार्थी नव्या फाइलमध्ये चूक शोधत बसतो. टूल्सची चौकट उघडी असेपर्यंत ही खूण जुनी फाइल वापरू देत नाही. इतक्या छोट्या गोष्टी पुस्तकात क्वचितच लिहिलेल्या असतात. त्या शेजारी बसून दाखवाव्या लागतात, आणि म्हणूनच प्रात्यक्षिकाच्या तासात त्यांना जागा हवी.

आता एका आक्षेपाविषयी, जो मी सहकाऱ्यांकडून वारंवार ऐकतो. ही साधने मुलांच्या हाती दिली तर ती संकेतस्थळे ‘हॅक’ करायला शिकतील, असे काहींना वाटते, आणि याच भीतीपोटी काही ठिकाणी प्रयोगशाळेतल्या ब्राउझरमध्ये एफ१२ बंद केलेले असते. या भीतीची परिणती कशात होऊ शकते, हे अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात दिसले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सेंट लुई पोस्ट-डिस्पॅच या वृत्तपत्राच्या पत्रकाराला राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पानाच्या एचटीएमएल मजकुरातच, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या मजकुरातच, शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथले सरकारी ओळखक्रमांक, आढळले. वृत्तपत्राने आधी विभागाला कळवले, पान बंद होईपर्यंत बातमी रोखून धरली आणि मगच ती छापली. तरीही राज्यपाल माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन या प्रकाराला हॅकिंग ठरवले आणि खटला भरण्याची भाषा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी आरोप दाखल न करण्याचा निर्णय जाहीर केला. सर्व्हरने स्वतःहून ज्याच्या यंत्रावर पाठवले ते त्याने वाचले, एवढेच तिथे घडले होते. क्लायंट साइडला गुप्त असे काही राहत नाही, ही गोष्ट ज्या विद्यार्थ्याने कन्सोल उघडून स्वतः पाहिली आहे, तो उद्या कोणाचे क्रमांक पानात पाठवून देणार नाही.

प्रात्यक्षिकातच हे दाखवता येते. विद्यार्थ्यांनी स्वतः तयार केलेल्या शुल्काच्या फॉर्ममध्ये रकमेची तपासणी फक्त जावास्क्रिप्टने होत असेल, तर एलिमेंट्समध्ये ती रक्कम बदलून फॉर्म पाठवायला सांगावे. आपली तपासणी किती सहज ओलांडता येते हे डोळ्यांनी पाहिल्यावर, तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा का करायची, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खरा धोका दुसरीकडे आहे. ‘ही ओळ कन्सोलमध्ये चिकटवा, मग अमुक फायदा मिळेल’ असे सांगून लोकांना फसवले जाते. चिकटवलेली स्क्रिप्ट आपण ज्या खात्यात शिरलेले असू त्याच अधिकाराने चालते आणि ते खाते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. फेसबुक यासाठी कन्सोलमध्येच ठळक इशारा दाखवते, आणि क्रोम व फायरफॉक्सही अनोळखी मजकूर चिकटवण्याआधी अडवून परवानगीचे शब्द टंकायला लावतात. हा धोका टाळण्याचा मार्ग शिकवण्यातूनच जातो, कारण प्रयोगशाळेत बंद असलेली कळ घरच्या संगणकावर चालूच असते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागितला तो प्रोग्रॅम लिहून देतात, त्यामुळे जर्नलमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा लिहून दाखवण्याला परीक्षेत किती गुण द्यावेत, याचा विचार तसाही करावाच लागणार आहे. दुसऱ्याने लिहिलेला, वरवर बरोबर दिसणारा कोड आपल्या पानावर का अडतो, हे ठरवणे मात्र त्या विद्यार्थ्यालाच करावे लागते. नोकरीतही पहिले कित्येक महिने नवशिक्याच्या वाट्याला दुसऱ्यांच्या कोडमधले दोष दुरुस्त करण्याचेच काम येते, असे आमचे माजी विद्यार्थी सांगतात. आपली परीक्षा याच कौशल्याला सर्वांत कमी महत्त्व देते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की अभ्यासक्रमाच्या पुढच्या फेररचनेत क्लायंट साइड स्क्रिप्टिंगच्या प्रात्यक्षिकांपैकी पहिलीच दोन डेव्हलपर टूल्ससाठी राखून ठेवावीत. विषयाच्या शेवटी ती ठेवली तर वेळेअभावी सुटतात, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. परीक्षेत विद्यार्थ्याला कोऱ्या पडद्याऐवजी न चालणारे पान द्यावे. त्याने दोष कोणत्या ओळीत आहे, तिथे थांबल्यावर स्कोपमध्ये काय दिसले आणि दुरुस्ती कोणती केली, हे तीन-चार वाक्यांत मराठीत किंवा इंग्रजीत लिहावे, आणि परीक्षकाने त्या लिखाणाला निम्मे गुण द्यावेत. एखादा दोष सापडला पण दुरुस्त करता आला नाही, तरी शोधाचे गुण मिळावेत. महाविद्यालयांनी प्रयोगशाळेत एफ१२ वर घातलेली बंदी उठवावी. मोबाइलवरच बिघडणारी पाने तपासण्यासाठी प्रत्येक प्रयोगशाळेत डेटा नेणारी यूएसबी केबल ठेवावी, कारण अँड्रॉइड फोन त्या केबलने संगणकाला जोडून फोनमध्ये यूएसबी डीबगिंग सुरू केले, की फोनच्या क्रोममधले पान संगणकावरच्या टूल्समध्ये तपासता येते. दोष असलेली सराव-पाने शिक्षकांनी मिळून तयार केली, तर ती कोणत्याही महाविद्यालयाला खर्चाविना वापरता येतील. देवनागरी अंकांचे, तारखांचे आणि फॉर्मच्या बटणाचे अशी माझ्याकडची पाने मी त्यासाठी आनंदाने देईन.

आपला विश्वासू,
संगणक अभियांत्रिकीचा एक अध्यापक,
सातारा जिल्हा